तीन महिने बाहेरून काही आले नाही, तर कोंबड्यांना काय घालायचे?

सुपली यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे घर चार माणसांचे आहे. वादळ, पूर, संप किंवा साथीचा आजार यांपैकी कशानेही बाहेरचा पुरवठा थांबला, तरी निदान काही आठवडे कुणाच्या दाराशी जाण्याची वेळ येऊ नये, अशा बेताने आम्ही गेली चार-पाच वर्षे राहत आहोत. घरात तीन महिन्यांचे धान्य आणि पंधरा दिवसांचे पिण्याचे पाणी कायम असते, मागच्या बाजूला भाजीचे वाफे आहेत. या सगळ्यात प्रथिनांची बाजू लंगडी पडते, म्हणून परसात कोंबड्या पाळाव्यात असे ठरत आले आहे.

बेत असा आहे: वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणाऱ्या संकरित जातीच्या बारा तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आणायच्या, तयार खाद्याचे पन्नास किलोचे एक पोते कायम राखीव ठेवायचे आणि उरलेली गरज स्वयंपाकघरातील सालीदेठांवर भागवायची. कळप पुढे चालू राहावा म्हणून अंडी उबवण्याचे एक लहान यंत्रही घेण्याचा विचार आहे. गेले पंधरा दिवस मी कोंबड्यांना चालेल असे सगळे उरलेसुरले रोज रात्री तराजूवर तोलून वहीत मांडले. सरासरी रोज ३०० ग्रॅम निघाले. अपेक्षेपेक्षा हे कमी असले, तरी काही ना काही आधार होईलच.

माझे प्रश्न तीन आहेत. बारा कोंबड्या चौघांसाठी योग्य आहेत का? तयार खाद्य किती काळ टिकते? आणि अंड्यांसाठी कोंबडा असणे आवश्यक आहे का? ज्यांनी प्रत्यक्ष पाळल्या आहेत त्यांनी बेतातील दोष मोकळेपणाने दाखवावेत.

कणगी यांचे उत्तर

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे आहे: अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. पहिल्या दोन प्रश्नांना मात्र जरा वेळ द्यावा लागेल, कारण तुमच्या बेतात कोंबड्या आहेत, यंत्र आहे, जात आहे, फक्त चाऱ्याचा हिशेब नाही. कोंबडी म्हणजे घरात तयार होणारे अन्न असे आपण समजतो, पण ती खाद्याचे रूपांतर करणारी आहे. खाद्य बाहेरून येत असेल तर अंडेही बाहेरूनच येत आहे, एवढेच की ते एक मुक्काम आपल्या परसात करते.

अंड्यावर आलेली मध्यम कोंबडी दिवसाला सुमारे १२० ग्रॅम खाद्य खाते. बारा कोंबड्यांचे दिवसाचे १ किलो ४४० ग्रॅम होतात आणि तुमचे राखीव पोते पस्तिसाव्या दिवशी संपते. आता वहीतील ३०० ग्रॅम पाहा. साली, देठ आणि भाजीचा कचरा यांत ऐंशी-नव्वद टक्के पाणीच असते, म्हणजे कोरडा भाग फार तर ६० ग्रॅम, आणि त्यातही प्रथिने थोडीच. हा आधार जेमतेम एका कोंबडीच्या अर्ध्या पोटाचा आहे. तुम्ही तोलून पाहिलेत याचे कौतुक वाटते, कारण बहुतेकांना हे पोते संपल्यावर कळते.

ही अडचण नवी नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या कृषी विभागाने घरटी माणशी दोन कोंबड्या पाळण्याचा प्रचार केला होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये शिधापत्रिकेवर माणशी आठवड्याला साधारण एक अंडे मिळे. घरी कोंबड्या पाळणाऱ्यांना तो हक्क सोडून देऊन त्याऐवजी पूरक खाद्याचे पीठ घेता येत असे आणि ते शिजवलेल्या सालींत व उरल्यासुरल्यात कालवून घातले जाई. नुसत्या उरल्यासुरल्यावर कोंबडी अंडी देत नाही, हे त्या व्यवस्थेने गृहीतच धरले होते.

तयार खाद्य साठवणे हा मार्गही अर्धाच आहे. दळलेल्या, मिसळलेल्या खाद्यातील स्निग्धांश खवट होतो आणि जीवनसत्त्वे उडत जातात, त्यामुळे ते दोन-तीन महिन्यांच्या आत संपवावे लागते. माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी दोन पोती झाकणाच्या पिंपात ओतून निश्चिंत झालो. दिवसा पत्रा तापे, रात्री आतल्या बाजूला घाम धरे आणि तो कडेने खाली उतरे. एका सकाळी हात घातला तर काठाला मुठीएवढे गठ्ठे लागले, फोडल्यावर आत करडी-हिरवी बुरशी होती. वरचे बरे दिसते म्हणून ते मी आठवडाभर घालत राहिलो. अंडी निम्म्यावर आली आणि एक कोंबडी वाळत जाऊन गेली. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर घाला घालते आणि खाद्य उन्हात वाळवल्याने किंवा शिजवल्यानेही ते पुरते जात नाही. गठ्ठा दिसला की ते खाद्य जनावरांना न घालता टाकून द्यावे.

तेव्हापासून मी तयार खाद्य महिन्यापुरतेच आणतो आणि राखीव साठा अख्ख्या दाण्याचा ठेवतो. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असलेला, कीड न लागलेला दाणा हवाबंद पिंपात वर्ष सहज काढतो, आणि मुख्य म्हणजे तो माणसांच्याही उपयोगाचा असतो. गव्हात सुमारे १२ टक्के प्रथिने असतात, वाटाण्यासारख्या कडधान्यात २२-२३ टक्के. दोन भाग गहू आणि एक भाग कडधान्य भरडून एकत्र केले तर १५-१६ टक्क्यांपर्यंत पोचता येते, आणि अंड्यावरच्या कोंबडीला १६ टक्के लागतात. कच्चे सोयाबीन किंवा कच्चा राजमा मात्र घालू नये, कारण त्यांतील घटक पचन बिघडवतात. ते आधी नीट भाजावे किंवा उकळावे. कडधान्यात मेथिओनिन हा प्रथिनांतील एक आवश्यक घटक कमी पडतो, तो तिळाच्या पेंडीने आणि किड्यांनी भरून निघतो. अख्खा दाणा घालणार असाल तर बारीक खडेही ठेवा, कारण कोंबडीचे जाते तिच्या पोटात असते आणि त्याला दगड लागतात.

एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. ते खाद्यातून आले नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते, मग कवच कागदासारखे होते, अंडे खुराड्यातच फुटते आणि इतरांना अंडी खाण्याची चटक लागते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, जिला हवा ती खाते. तो संपला तर घरचीच कवचे भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी बारीक करून घालता येतात.

पाण्यावर तरंगत वाढणारा अझोला कुंडीत वाढवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. ती चांगली वनस्पती आहे, माझ्याकडेही आहे, पण तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. १०० ग्रॅम ओल्या अझोलातून दीड ग्रॅमपर्यंतच प्रथिने मिळतात, तर कोंबडीची रोजची गरज १९-२० ग्रॅमची आहे. त्यापेक्षा काळ्या सैनिकमाशीच्या अळ्या अधिक कामाच्या. कुजणाऱ्या सालींवर त्या आपोआप वाढतात आणि वाळवल्यावर त्यांत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. तुमचे ३०० ग्रॅम थेट कोंबड्यांना घालण्याऐवजी अळ्यांना घालून पाहा.

बारांच्या जागी पाच ठेवा, असे माझे मत आहे. पाच चांगल्या कोंबड्या भराच्या दिवसांत आठवड्याला वीस-पंचवीस अंडी देतात आणि चौघांना ती पुरतात.

मोकळे परस यांचे उत्तर

वरील उत्तरातील आकडे बरोबर असतील, परंतु त्यांतून कोंबडी म्हणजे जणू पिठाची गिरणीच, असा समज होतो. खेड्यापाड्यांतील कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या कोणी तोलून दिलेल्या खाद्याविनाच जगल्या. सकाळी खुराडे उघडले की त्या दिवसभर चरत, संध्याकाळी मूठभर दाणे टाकले की परत येत. मी आजही तसेच करतो. माझ्या सहा देशी कोंबड्यांचा खाद्यावरचा खर्च नगण्य आहे. शिवाय भाजीच्या वाफ्यांतील गोगलगायी आणि किडे त्या वेचतात, आणि त्यांची शीट कुजवून वाफ्यात घातली की वेगळे खत आणावे लागत नाही. स्वावलंबनाचा विचार करताना केवळ अंडी मोजणे मला अपुरे वाटते.

कणगी यांचे उत्तर

मोकळे परस, खताचा मुद्दा पूर्ण मान्य, तो माझ्याकडून राहिला. फक्त ताजी शीट फार तीव्र असते. ती भुसा किंवा वाळल्या पानांबरोबर काही महिने कुजू द्यावी, नाहीतर रोपे करपतात.

चरण्याबद्दल मात्र एक विचारतो: तुमची प्रत्येक कोंबडी वर्षाला किती अंडी देते? चरणारी देशी कोंबडी साठ-ऐंशी अंडी देते आणि तेवढ्यासाठी तिला तेवढेच खाद्य पुरते. खळ्यावर सांडलेले धान्य, गोठ्यातील शेण आणि त्यातील किडे हे सगळे त्या जुन्या व्यवस्थेत होते. चार वाफ्यांच्या परसात ते नसते, आणि सहा कोंबड्या लहान अंगण दोन महिन्यांत उघडे-बोडके करतात.

परसातून किती मिळते हे ठरवण्याची एक साधी रीत आहे. अंधार पडल्यावर कोंबड्या दांडीवर बसल्या की एकेकीच्या गळ्याच्या पायथ्याशी, किंचित उजव्या बाजूला बोटे लावून पाहावीत. तिथे अन्नाची पिशवी असते. दिवसभर नीट खाल्लेले असेल तर ती लिंबाएवढी, भरीव लागते. सैल आणि रिकामी लागली तर त्या दिवशी परसाने तिला उपाशी ठेवले आहे. ऋतू बदलला की हे दर आठवड्याला करा, वहीपेक्षा बोटांना लवकर कळते.

रवण यांचे उत्तर

चाऱ्याचे झाले, आता पिढीचे बोलू. वर्षाला तीनशे अंडी देणारी संकरित कोंबडी पहिले वर्ष-दीड वर्ष उत्तम असते, त्यानंतर अंडी उतरत जातात. तिची पिल्ले तिच्यासारखी निघत नाहीत, आणि निवड करता करता तिच्यातून खुडूक होण्याची, म्हणजे अंडी उबवायला बसण्याची, सवयच बहुतांशी काढून टाकलेली आहे. म्हणजे दर दोन वर्षांनी तुम्हाला बाहेरून तलंगा आणाव्या लागणार, आणि ज्या काळासाठी तुम्ही तयारी करत आहात त्या काळात त्या मिळतीलच असे नाही.

यंत्राबद्दल सांगायचे तर त्याला २१ दिवस न खंडणारी वीज लागते. तापमान ३७.५ अंशांवर ठेवायचे, अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवायची, नंतर फिरवणे थांबवून ओलावा वाढवायचा. वीज चालू असेल तर यात अवघड काही नाही. पण वादळानंतर दोन दिवस वीज गेली तर सगळी मेहनत पाण्यात.

खुडूक कोंबडीला यांतले काहीच लागत नाही. पाच कोंबड्यांपैकी निदान दोन अशा जातीच्या घ्या, की ज्या रवणाला बसतात. खुडूक झाली की ती ओळखायला शिकावे लागत नाही. ती घरट्यात चपटी होऊन बसते, हात नेला की पिसे फुलवून घशातून गुरगुरते, पोटाखालची पिसे उपटून उघडी कातडी अंड्यांना लावते. दिवसातून एकदाच पंधरा-वीस मिनिटे उठते, खाते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि दिवसभराची साठलेली, भयंकर वासाची एकच मोठी शीट टाकून परत बसते. पहिल्यांदा तो वास घेतल्यावर आमच्या घरात कोंबडी आजारी असल्याची आवई उठली होती. मध्यम कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावीत, सगळी एकाच दिवशी, कारण रोज एकेक घालत गेल्यास पिल्ले वेगवेगळ्या दिवशी निघतात आणि ती पहिल्या पिल्लांबरोबर उठून जाते. जमवलेली अंडी थंड जागी, निमुळते टोक खाली करून आठवडाभर चांगली राहतात. सातव्या रात्री अंधारात विजेरीवर धरून पाहावे: जाळे दिसले तर जीव आहे, स्वच्छ दिसले तर ते अंडे काढून घ्यावे.

यासाठी कोंबडा लागेल. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो, आणि दर दोन वर्षांनी तो दुसऱ्या कळपातील कुणाशी तरी बदलून घ्यावा, नाहीतर बापलेकींचे मिलन होत राहते आणि पिल्ले कमकुवत निघू लागतात. शेजाऱ्यांना पहाटेच्या आरवण्याचा त्रास होईल का, हे आधी विचारा. आणखी एक अप्रिय गोष्ट: निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. त्यांचे काय करायचे हे रवण बसवण्याआधी घरात ठरलेले असावे. कापणे जमणार नसेल तर पिल्ले काढण्याच्या फंदात पडू नये. पाच महिन्यांचे सहा कोंबडे एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि राखीव दाणेही तेच संपवतात.

अंडी बारमाही मिळत नाहीत, हेही बेतात धरा. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, कारण कोंबडीला रोज सुमारे १४ तास उजेड लागतो. वर्षातून एकदा पिसे गळतात तेव्हा दोन-तीन महिने ती जवळजवळ थांबते. सुगीच्या दिवसांतील अंडी त्या काळासाठी ठेवायची असतील तर न धुणे हे पहिले पथ्य, कारण कवचावरील नैसर्गिक लेप धुण्याने जातो आणि जंतूंना वाट मिळते. स्वच्छ, न धुतलेली अंडी थंड जागी काही आठवडे टिकतात. कोणतेही जुने अंडे खाण्यापूर्वी वेगळ्या वाटीत फोडून पाहावे आणि पूर्ण शिजवूनच खावे.

पशुवैद्य यांचे उत्तर

वरच्या चर्चेत रोगांचा उल्लेख आला नाही, म्हणून थोडे लिहिते. परसातील कळप उपासमारीने क्वचित आणि मानमोडीने बहुधा संपतो. हा रोग १९२६ साली ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे आणि जावा बेटावर नोंदला गेला, आपण त्याला राणीखेत म्हणतो. पक्षी तोंड उघडून श्वास घेतो, हिरवट हगवण लागते, पुढे मान पिळवटते. उपचार नाहीत, आणि लस न दिलेला कळप आठवड्याभरात जवळजवळ पूर्ण जाऊ शकतो. लस डोळ्यात थेंब टाकून देता येते, पण एका कुपीत शेकडो पक्ष्यांचे डोस असतात, कालवल्यावर ती काही तासांतच वापरावी लागते आणि तोवर थंड ठेवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कुपी कोण आणणार, या विचारानेच लसीकरण राहून जाते. आसपासच्या पाच-सात घरांनी एकच दिवस ठरवावा. उष्णता काही प्रमाणात सोसणारी आय-२ ही लस मिळत असेल तर दर तीन-चार महिन्यांनी ती द्यावी.

बाहेरून आणलेला प्रत्येक पक्षी, रवण यांनी सुचवलेला अदलाबदलीचा कोंबडाही, महिनाभर वेगळा ठेवावा. त्याचे भांडे वेगळे आणि त्याचे काम सर्वांत शेवटी. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर त्यांना उघड्या हाताने उचलू नका, कापून पाहू नका, खाऊ नका आणि जवळच्या पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवा, कारण बर्ड फ्लूही असाच सुरू होतो. रानपक्ष्यांना खाद्य-पाण्याच्या भांड्यांपर्यंत पोचू न देणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कोंबड्या हाताळल्यावर साबणाने हात धुणे लहान मुलांच्या अंगवळणी पाडा, कारण निरोगी दिसणारी कोंबडीही साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू बाळगू शकते.

खुराड्याबद्दल एकच सूचना. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. छिद्र १२ मिलिमीटरचे, तार जाड, आणि जाळीचा खालचा एक फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून मातीने झाकलेला असावा, कारण उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी पायथ्याशीच उकरू लागतो. वर मात्र हवा खेळू द्या. आत डोके घातल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया साठला आहे आणि खालची गादी बदलायला हवी.

सुपली यांचे उत्तर

सर्वांचे आभार. यंत्राचा विचार रद्द केला आहे. नवा बेत असा: पाच कोंबड्या, त्यांतील दोन रवणाला बसणाऱ्या, आणि शेजारच्या दोन्ही घरांची हरकत नसल्यास एक कोंबडा. सहा पक्ष्यांचे रोजचे ७२० ग्रॅम, नव्वद दिवसांचे सुमारे ६५ किलो. हा साठा आम्ही अख्ख्या गव्हाचा आणि वाटाण्याचा, माणसांच्या धान्याच्या पिंपांशेजारीच ठेवू आणि जुना आधी वापरत नवा भरत जाऊ. नरांबद्दल काल रात्री घरात बोलणे झाले. धाकटीने विषय काढल्यावर जेवण अर्धवट सोडले, त्यामुळे पहिले वर्ष पिल्ले काढणार नाही. लसीसाठी तीन घरे तयार आहेत, आणखी दोघांना विचारते. काही राहिले असल्यास सांगावे.

रवण यांचे उत्तर

पाणी राहिले. एक कोंबडी दिवसाला पाव लिटर पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. तुमचे पंधरा दिवसांचे पाणी चार माणसांसाठी मोजलेले असेल, तर त्यात सहा पक्ष्यांचे साडेबावीस लिटर आणि उन्हाळा असल्यास ४५ लिटर धरलेले नाहीत. कोंबडी एक दिवस पाण्याविना राहिली तरी अंडी थांबतात आणि पुन्हा सुरू व्हायला कित्येक दिवस लागतात. खुराड्याच्या पत्र्यावरून पन्हळ काढून एक पिंप भरत ठेवा, म्हणजे माणसांच्या साठ्याला हात लावावा लागणार नाही. पिंपाला झाकण हवे, नाहीतर डास होतील.

सुपली यांचे उत्तर

खरेच धरले नव्हते. पत्र्याचा उतार अजून ठरायचा आहे, तो आता पिंपाच्या बाजूला देते.